नालकुंतल : शब्द आणि वस्तू

‘नालकुंतल म्हणजे काय?’ असे विचारताच विद्यार्थी व्याख्या एका दमात म्हणून दाखवितो. परंतु तीच वस्तू समोर ठेवली, तर त्याला ती ओळखता येईल काय? आम्ही कलाशाखेचे, तथापि शब्द पाठ आणि वस्तू अनोळखी, याला आम्ही विद्या म्हणत नाही.

आमच्या घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा मराठी, पुढील शास्त्रशिक्षणाची इंग्रजी. या वाटेवर मूल पुष्कळदा शब्दापाशीच अडखळते. वास्तविक हा शब्द किती बोलका! नाल म्हणजे नळी, कुंतल म्हणजे केसांची बट. बटेसारखी वळणे घेत नळीच्या आकारात गुंडाळलेली तार, ते नालकुंतल. विद्युत्प्रवाहाने होकायंत्राची सुई वळते, हे १८२० साली अर्स्टेडने दाखविले. पुढे आंपियरने ‘नळी’ याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अशा वेटोळ्यास ‘सॉलेनॉइड’ हे नाव दिले.

तारेतून प्रवाह वाहू लागला की प्रत्येक वेढ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. नळीच्या आत ही सर्व क्षेत्रे एकाच दिशेने मिळतात आणि वेटोळे पट्टीचुंबकासारखे वागते. तेवढ्याच लांबीत वेढे दुप्पट केले, अथवा प्रवाह दुप्पट केला, तर आतील क्षेत्रही दुप्पट होते. आत मऊ लोखंड ठेवल्यास ते अनेक पटींनी वाढते, आणि प्रवाह थांबताच ओसरते.

हे हुकमी चुंबकत्व दारावरची घंटी वाजविते, धुलाईयंत्रात पाणी सोडणारी झडप उघडते. रुग्णालयातील एमआरआय यंत्रात द्रवरूप हेलियमने थंड केलेली वेटोळी असतात. जिनिव्हाजवळील सर्न येथे सीएमएस प्रयोगातील नालकुंतल सुमारे १३ मीटर लांब असून त्याचे क्षेत्र ३.८ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ लाखपट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही त्या प्रयोगात सहभागी आहेत.

कोणी म्हणेल, साधने कुठून आणावी? एक लोखंडी खिळा, लेप दिलेली तांब्याची तार, एक शुष्क विद्युत्घट आणि मूठभर टाचण्या एवढे पुरे. तारेची टोके खरवडावी. तार तापते, म्हणून जोडणी क्षणभरच ठेवावी. घरातील विजेस मात्र ती कदापि जोडू नये. वेढे वाढवीत जावे आणि किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजावे.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाला गुण किती मिळाले हे जरूर विचारा. परंतु त्याच्या हातात एखादे तारेचे रीळही द्या. स्वतः गुंडाळलेल्या तारेने टाचणी उचलली, की तो शब्द मग पाठ करावा लागत नाही. तो त्याचा स्वतःचा होतो.