रस्सा सोडावा, सोबत सोडू नये

गेल्या महिन्यातील एका रविवारी आम्ही घरचे चौघे बदलापूरहून मुंबईला जेवावयास गेलो. माझी मुलगी नोकरीत कायम झाली, हे निमित्त. जागा तिनेच निवडली होती. रामेन हा जपानी पदार्थ देणारे, तरुण मंडळींत सध्या फार नावाजलेले असे ते उपाहारगृह. "आजीलाही न्यायचं," एवढी तिची एकच अट होती.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. वीस वर्षांचा मधुमेह, त्याहून जुना रक्तदाब, दुखरे गुडघे आणि दातांची कवळी असा तिचा संसार. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "तिला कशाला एवढा त्रास? तिच्यासाठी मऊ भात करून ठेवू."

हे वाक्य मी पूर्वीही बोललो होतो, याची आठवण मला त्याच क्षणी झाली. बारा वर्षांपूर्वी वडिलांना घरी ठेवून आम्ही सारे बाहेर जेवावयास गेलो होतो. त्यांचे हृदय अशक्त झाले होते आणि मिठावर मीच कडक निर्बंध घातला होता. आम्ही परतलो तेव्हा ते जागेच होते. "काय काय होतं जेवायला? सांगा तरी," असे त्यांनी विचारले. आम्ही एकेक पदार्थ सांगत गेलो आणि ते ऐकत राहिले. पुढे बाहेरचे जेवण त्यांना घडले नाही. मीठ कमी करण्याचा माझा सल्ला योग्य होता. त्यांना मागे ठेवण्याचा निर्णय मात्र वैद्यकशास्त्राचा नव्हता. तो आमच्या सोयीचा होता.

म्हणून या वेळी आई आली.

मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असल्याने आम्ही गाडीने निघालो. आई रोज साडेबाराला जेवते आणि त्याआधी मधुमेहाची गोळी घेते. त्या दिवशीही सव्वाबाराच्या ठोक्याला तिने पर्समधून डबी काढली, गोळी घेतली. मी शेजारीच होतो, पाण्याची बाटली मीच पुढे केली. साडेबाराला आम्ही पोहोचलो, तर दाराबाहेर रांग. नाव नोंदवा, बोलावू तेव्हा या, असा तिथला शिरस्ता. वीस मिनिटे झाली, चाळीस झाली. सव्वाच्या सुमारास आई एकदम गप्प झाली. मी विचारले, "बरं वाटतंय ना?" तर ती चिडून म्हणाली, "मला घरी सोड." एरवी ती असे बोलत नाही. मला वाटले, कंटाळली असेल. मुलीने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, आजीला किती घाम आलाय!"

वातानुकूलित जागेत, बाकावर स्वस्थ बसलेल्या वृद्ध मधुमेही स्त्रीला घाम! रक्तातील साखर उतरल्याची ही खूण मी उल्हासनगरच्या माझ्या दवाखान्यात नातेवाइकांना नित्य समजावून सांगतो. स्वतःच्या आईच्या बाबतीत ती मला दिसली नाही. ग्लुकोमीटर घरीच राहिला होता. मुलगी आत धावली. तेथील माणसांनी काही न विचारता पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. पंधरा मिनिटांत आईच्या चेहऱ्यावर ओळख परतली आणि ती म्हणाली, "एवढं गोड कोणी केलं?"

चूक उपाहारगृहाची नव्हती, आईचीही नव्हती. चूक माझी होती. मी बेत पदार्थाचा केला होता, वेळेचा केला नव्हता. ज्येष्ठांना बाहेर नेताना पहिला धोका ताटात नसतो, तो दाराबाहेरच्या रांगेत असतो. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, बाहेर जेवणार असल्यास ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साधारणपणे जागेवर बसून, जेवण समोर येण्याची खात्री झाल्यावर घेणे सुरक्षित असते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. घाम, थरथर, अचानक चिडचीड, असंबद्ध बोलणे किंवा मौन यांपैकी काहीही दिसले तर आधी साखर द्यावी, चर्चा नंतर करावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी, आणि बरे वाटताच जेवण. व्यक्ती शुद्धीत नसेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर लपून राहते, घाम मात्र लपत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

अखेर जागा मिळाली. समोर भले मोठे वाडगे आले. वाफाळणारा दाट रस्सा, त्यात गव्हाच्या लांब नूडल्स, वर मशरूम, कांद्याची पात, मक्याचे दाणे आणि समुद्री शेवाळाचा एक काळा पापुद्रा. आईने वाकून पाहिले आणि निर्वाळा दिला, "ही तर शेवयांची आमटी!"

मला ती व्याख्या आवडली. रामेनचे कूळ चिनी आहे. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली उघडलेल्या रायरायकेन नावाच्या दुकानापासून ते सामान्य जपानी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाचा तुटवडा पडला. अमेरिकेतून गहू येऊ लागला आणि या गरम वाडग्यासाठी लोक थंडीत रांगा लावू लागले. ओसाकातील अशीच एक रांग पाहून मोमोफुकु आंदो यांच्या मनात झटपट नूडल्सची कल्पना आली, असे ते सांगत. १९५८ साली त्यांनी ती बाजारात आणली. आपल्या नातवंडांच्या दोन मिनिटांच्या पाकिटांचा पूर्वज तोच. युद्धानंतरच्या त्याच काळात, फाळणीने विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे आपल्या कल्याण कॅम्पातील लष्करी बराकींत संसार मांडीत होती; १९४९ मध्ये त्याच वस्तीचे उल्हासनगर झाले. रांगेत उभे राहून मिळविलेल्या अन्नाची किंमत माझ्या अनेक ज्येष्ठ रुग्णांना कोणी शिकवावी लागत नाही. पानात काही टाकू नये, हा संस्कार त्यांच्या हाडीमाशी रुजलेला असतो.

आणि नेमका येथेच डॉक्टरला त्या संस्काराविरुद्ध बोलावे लागते. रामेनच्या एका भरल्या वाडग्यात साधारणपणे ५ ते ६ ग्रॅम, काही ठिकाणी त्याहूनही अधिक मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने पूर्ण दिवसात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. म्हणजे एक वाडगा आणि दिवसाचा कोटा संपला. परंतु दिलासा असा की, या मिठाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग रस्स्यात असतो. नूडल्स आणि भाज्या खाऊन रस्सा तळाशी सोडून दिला, तर हृदयावरचा आणि मूत्रपिंडावरचा बराच भार टळतो. जपानमध्येही डॉक्टर हाच सल्ला देतात, आणि रस्सा सोडणे तेथे असभ्यपणाचे मानले जात नाही.

जपानने हा धडा महागात शिकला. गेल्या शतकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षे पक्षाघात हे तेथील मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते. खारवलेल्या भाज्या आणि खारट सूप यांवर जगणाऱ्या थंड, डोंगराळ प्रांतांत त्याचे प्रमाण विशेष होते. नागानो प्रांतात १९८० च्या दशकात मीठ कमी करण्याची लोकचळवळ उभी राहिली. स्वयंसेवक घरोघरी जाऊन सूपमधील मीठ मोजू लागले. तोच प्रांत पुढे जपानमधील सर्वांत दीर्घायुषी प्रांतांत गणला जाऊ लागला. लोकांनी सूप सोडले नाही. त्यातले मीठ उतरविले.

आपल्याकडील वाडगे वेगळे, हिशेब तोच. अंबरनाथ स्थानकाबाहेरच्या चायनीज गाडीवरचे सूप, मिसळीची तर्री, उल्हासनगरात जेवणानंतर हटकून येणारा पापड आणि लोणचे, या सर्वांना हाच नियम लावावा. घरी झटपट नूडल्स केल्यास मसाल्याची पुडी अर्धीच घालावी. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढे गणित पुरेसे आहे. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी व रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये.

आता गिळण्याविषयी. त्या उपाहारगृहात जो तो नूडल्सचे सुर्रकन आवाज करीत भुरके मारीत होता. जपानमध्ये तशीच रीत आहे. भुरक्याने नूडल्स निवतात आणि वासही खुलतो. आई हर्षभरित झाली. "कढीचा भुरका मारला की तुझे बाबा रागवायचे," असे म्हणत तिने चमचाभर रस्सा तोंडात ओढला, आणि तिला ठसका लागला. पातळ रस्सा आणि लांब नूडल्स एकाच घासात सांभाळणे हे म्हाताऱ्या गळ्याला अवघड काम आहे. पातळ पदार्थ पुढे धावतो, घन पदार्थ मागे रेंगाळतो, आणि श्वासनलिकेचे झाकण वेळेवर मिटत नाही. मुलीने स्वयंपाकघरातून स्वच्छ कात्री मागून आणली आणि नूडल्स बोटाच्या पेराएवढ्या कापल्या. रस्सा निथळून त्या वेगळ्या वाटीत घेतल्या. आई ताठ बसून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास घेत जेवली. भुरका तिने नंतर एकदाच मारला, निवलेल्या रस्स्याचा. तेवढा मी मारू दिला.

ज्यांना पक्षाघात किंवा कंपवात आहे, पाणी पिताना ज्यांना वरचेवर ठसका लागतो, किंवा जेवणानंतर ज्यांचा आवाज घोगरा, ओलसर होतो, त्यांना असा मिश्र पदार्थ देऊच नये. आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये.

आणखी एक गोष्ट श्रद्धेशी निगडित आहे, म्हणून तिला मी आरोग्याइतकेच महत्त्व देतो. पुष्कळशा रामेनचा रस्सा डुकराची किंवा कोंबडीची हाडे तासन्‌तास उकळून करतात. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या रस्स्यात वाळविलेल्या माशाचा अर्कही असू शकतो. म्हणून वरचे पदार्थ शाकाहारी आहेत एवढ्यावर न थांबता, रस्सा कशाचा, हे मागणी देण्यापूर्वी विचारावे. आमच्यासाठी मुलीने आदल्या दिवशी दूरध्वनी करून मशरूम आणि सोयाबीनच्या आंबवलेल्या मिसोचा रस्सा असल्याची खात्री करून घेतली होती. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला तो मोडल्याचे मागाहून कळणे, हे दुःख औषधाने बरे होत नाही. जे अंडे खातात त्यांच्यासाठी ते पूर्ण शिजवून मागावे. अर्धकच्चे अंडे उतारवयात टाळलेले बरे.

शेवटी प्रवास. बदलापूर ते मुंबई हे अंतर तरुणांना किरकोळ वाटते. ज्येष्ठांच्या मनात मात्र निघण्यापूर्वीपासून एकच प्रश्न असतो: वाटेत लघवी लागली तर? तो प्रश्न ते विचारीत नाहीत. गुपचूप लघवीची गोळी चुकवितात आणि पाणी पिणे सोडतात. गोळी चुकली, वर खारट जेवण झाले, की दोन दिवसांनी पायांवर सूज आणि रात्री धाप घेऊन हेच रुग्ण माझ्याकडे येतात. म्हणून शौचालय कोठे आहे, हे आपणच आधी पाहावे आणि न विचारता सांगावे. गोळीची वेळ पुढे सरकवता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. ती स्वतः होऊन बंद करू नये. हृदय अशक्त असणाऱ्यांचे वजन पुढील दोन-तीन सकाळी पाहावे. ते दोन किलोंहून अधिक वाढले किंवा धाप लागली, तर वाट पाहू नये.

परतताना आई गाडीत झोपली. तिच्या वाडग्यात रस्सा जवळजवळ तसाच राहिला होता, आणि निघताना तिने त्याकडे दोनदा वळून पाहिले होते. टाकणे तिच्या जिवावर आले होते. मी सांगितले, "राहू दे, औषध समज." संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, तेव्हा ती त्यांना रांगेपासून कात्रीपर्यंत सारे वर्णन करून सांगत होती. या वेळी सांगणारी ती होती, आणि ऐकणारे आम्ही.

काळजी घेणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी घरातून सारे बाहेर जेवावयास निघतील, तेव्हा 'त्यांना नको' असे म्हणण्यापूर्वी गोळीची वेळ, साखरेची पुडी, कात्री आणि शौचालय या चार गोष्टींचा विचार करून पाहा. आणि ज्येष्ठ वाचकहो, नेतो म्हणाले तर संकोच करू नका. जावे, भुरका मारावा, आणि रस्सा मात्र खुशाल टाकून द्यावा.