मुक्या प्रतिनिधींचा मतदारसंघ

आपल्या खासदाराने वा आमदाराने काय काम केले, असे आज वसई-विरारमध्ये कोणालाही विचारा; उत्तर गटाराच्या, समाजमंदिराच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या भाषेत मिळेल. तो सभागृहात किती दिवस हजर होता, कोणत्या विधेयकावर बोलला, कोणत्या बाजूने मत दिले, हे कोणी सांगत नाही. कारण ते कोणी विचारत नाही. कायदे करण्यासाठी निवडलेल्या माणसाला आपण मुकादमाच्या मापाने मोजू लागलो आहोत. या मापाची सर्वांत मोठी सोय होते ती सत्ताधाऱ्यांची.

मतदारसंघांच्या २००८ च्या फेररचनेपूर्वी वसई उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात होती. १९७७ साली आणीबाणीचा तुरुंगवास भोगून आलेल्या मृणाल गोरे येथून लोकसभेत गेल्या. नळावरच्या बाईचे गाऱ्हाणे दिल्लीच्या सभागृहात मांडण्यासाठीच मतदारांनी ‘पाणीवाली बाई’ला निवडले होते. पुढे १९८९ ते २००४ या काळात राम नाईक यांनी या भागाचे प्रतिनिधित्व केले. त्यांचा विचार आम्हांला कधीही मान्य नव्हता आणि आजही नाही. परंतु उपनगरी प्रवाशांचा प्रश्न असो वा तारापूरच्या प्रकल्पग्रस्तांचा, त्यांनी तो नेटाने लावून धरला, हे विरोधकांनीही मान्य केले पाहिजे.

२००४ मध्ये याच मतदारांनी काँग्रेसचे उमेदवार, अभिनेते गोविंदा यांना निवडून दिले. विरारमध्ये वाढलेला मुलगा म्हणून लोकांना त्यांचे कौतुक होते आणि त्यात गैर काही नव्हते. गैर घडले ते पुढे. त्यांची हजेरी त्या लोकसभेतील सर्वांत कमी हजेऱ्यांपैकी एक ठरली. पहाटेच्या लोकलला लोंबकळत कामावर जाणाऱ्या माणसाची खुर्ची पाच वर्षे बहुतांशी रिकामी राहिली. कामगार चार दिवस न सांगता घरी राहिला तर त्याचा पगार कापला जातो; प्रतिनिधी पाच वर्षे गैरहजर राहिला तर त्याला पेन्शन मिळते! यात दोष एका अभिनेत्याचा नाही. तिकीट देताना पक्षाने आणि मत देताना आपण, सभागृहात हा माणूस काय बोलणार, हे विचारलेच नव्हते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की भाषणांनी नळाला पाणी येत नाही, ते निधीने येते. हा आक्षेप तपासून पाहू. खासदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये. पालघर लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. डहाणूच्या पाड्यापासून नालासोपाऱ्याच्या चाळीपर्यंत हे ५ कोटी कोठे पुरणार? याउलट एक तारांकित प्रश्न घ्या. मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, उपप्रश्नांना तोंड द्यावे लागते, फाइल उघडावी लागते. मंत्र्याने आश्वासन दिले तर ते आश्वासन समितीकडे जाते. ते उत्तर नोंदले जाते; उद्या तेच मोर्चात आणि न्यायालयात कामी येते. निधी एक रस्ता करतो. प्रश्न त्या रस्त्याचे पैसे कोठे गेले, हे विचारतो. मृणालताईंनी १९८६ साली विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. चळवळीच्या रेट्याने सरकारला १९८८ मध्ये कायदा करावा लागला आणि १९९४ मध्ये संसदेने देशासाठी तसा कायदा केला. कोणत्या विकास निधीतून हे झाले असते?

वसई-विरारला तर सभागृहातील आवाजाची गरज इतरांहून अधिक होती. महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवकच नव्हते, होते ते प्रशासक. म्हणजे प्रशासनाला जाब विचारण्याची जागा उरली ती विधानसभा आणि लोकसभा. याच काळात, २०२५ च्या आरंभी, नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि हजारो माणसे संसारासह रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची एक इमारत कोसळून १७ जण मेले. या इमारती एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. त्या चढत असताना हा प्रश्न कोणी, किती वेळा, कोणत्या शब्दांत विचारला, आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले? हा हिशेब आपल्या प्रतिनिधींनी मतदारांपुढे कधी ठेवला आहे काय?

मात्र नुसत्या आकड्यांनीही फसू नये. पाचशे प्रश्न विचारले म्हणून कोणी लोकांचा कैवारी ठरत नाही. ज्याचे उत्तर कोणत्याही अहवालात सापडते तो प्रश्न संख्येसाठी असतो. ज्याने मंत्री अडचणीत येतो तो लोकांसाठी. शिवाय बोलू इच्छिणाऱ्यांची दारेही बंद होत आहेत. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील १४६ खासदार निलंबित झाले. सतराव्या लोकसभेचे कामकाज पाच वर्षांत अवघे २७४ दिवस चालले. मुका प्रतिनिधी आणि मुके सभागृह ही एकमेकांची गरज आहे. एकाला विचारायचे नसते, दुसऱ्याला उत्तर द्यायचे नसते.

दोष आपल्याही पदरी आहे. सभागृहाचे कामकाज वाचण्याची सवय चळवळीच्या कार्यकर्त्यानेही सोडली. हजेरी, प्रश्न आणि भाषणे यांच्या नोंदी आज कोणालाही पाहता येतात. तेव्हा प्रत्येक अधिवेशन संपताच वसई, नालासोपारा आणि विरारच्या कार्यकर्त्यांनी आपल्या खासदाराचा व आमदारांचा तपशील काढावा, तो एका कागदावर छापावा आणि स्टेशनच्या पुलाखाली, मच्छीमारांच्या वाड्यांत, चाळींच्या आवारात जाहीरपणे वाचून दाखवावा. प्रतिनिधी कोणत्याही पक्षाचा असो, आपला असला तरीही. उद्घाटनाचा नारळ फोडायला येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : गेल्या अधिवेशनात आमच्यासाठी तुम्ही काय बोललात?