ध्वनियंत्राची स्मृती आणि एक साधा गुणाकार

संगणकातून गाणे ऐकू येते तेव्हा त्यामागे केवढा हिशेब चाललेला असतो, हे ऐकणाऱ्यास सहसा जाणवत नाही. एका सेकंदाच्या ध्वनीचे 48,000 नमुने असू शकतात. ते वाजेपर्यंत ठेवण्यासाठी ध्वनियंत्र चालविणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, स्मृतीत जागा मागून घेतो. हा ड्रायव्हर बहुधा कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, काम करतो. तेथे एका भागास दुसऱ्यापासून राखणाऱ्या भिंती नसतात. यास्तव तेथील चूक साऱ्या संगणकास भोवू शकते.

किती जागा हवी, हे पुष्कळदा गुणाकाराने ठरते : घटक किती आणि प्रत्येकास बाइट किती. विजेच्या जुन्या मीटरवर 99999 नंतर पुन्हा 00000 येतात. संगणकाचेही तसेच आहे. 32 बिटांच्या संख्येत 4,29,49,67,295 नंतर शून्य येते. आता 26,84,35,457 घटकांसाठी प्रत्येकी 16 बाइट मागितले, तर गुणाकार मर्यादा ओलांडतो आणि हाती उरतात केवळ 16. जागा मिळते एका घटकाची. प्रोग्राम मात्र पुढचे घटकही लिहू लागतो आणि शेजारची माहिती पुसली जाते.

लिनक्सच्या गाभ्यात यावर उपाय आहे. ‘केमॅलॉक’ला तयार गुणाकार देण्याऐवजी ‘केमॅलॉक-अ‍ॅरे’ला दोन्ही संख्या वेगवेगळ्या द्याव्यात; गुणाकार मर्यादेबाहेर गेल्यास ते जागाच नाकारते. 2018 साली 4.18 या आवृत्तीसाठी ध्वनिविभागासह अनेक विभागांत असा बदल करण्यात आला.

यावर आक्षेप असा, की ध्वनिमार्ग दोन किंवा आठ. एवढ्यासाठी हा खटाटोप कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. पुष्कळ ठिकाणी हा गुणाकार मर्यादेजवळही जाणार नाही. परंतु आज लहान असलेली संख्या उद्याही लहानच राहील, याची हमी कोण देणार? ती उद्या बाहेरून जोडलेल्या यंत्राकडून येऊ शकते. शिवाय ही तपासणी जागा मागताना होते, प्रत्येक नमुन्यामागे नव्हे. म्हणून तिचा खर्च नगण्य आहे.

अर्थात, याने सर्वच दोष टळत नाहीत. मिळालेला नकार ओळखणे हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याकडेच राहते. तरीही माझे मत असे, की जी चूक साधनच अडवू शकते, ती टाळण्याचा भार माणसाच्या सावधपणावर टाकू नये. लिनक्सचा गाभा अँड्रॉइड फोनांतही आहे. ज्यांना हा गुणाकार कधीही दिसणार नाही, असे असंख्य लोक त्याच्यावर विसंबून आहेत.