उपाय आणि रोगाचे मूळ

मुलांना परदेशात जातीची झळ लागू नये म्हणून आडनाव बदलावे, असे आपल्या क्लेमेंटीतील काही बांधव सुचवितात. हेतू निर्मळ आहे. परंतु उपाय पारखायचा तो हेतूवरून नव्हे, रोगाच्या मुळाशी पोहोचतो की नाही यावरून.

बाबासाहेबांनी १९३६ साली हीच पारख केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी एकेक उपाय तपासला. पोटजाती मोडल्याने जाती उलट बळकट होतील. सहभोजनाने जातिभावना मरत नाही. आंतरजातीय विवाह हा त्यांनी खरा उपाय मानला. मात्र शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा ढळल्याखेरीज समाज तो स्वीकारणार नाही, असे बजावले.

त्या कसोटीवर आडनावबदल टिकत नाही. विचारणाऱ्याची वृत्ती तशीच राहते, लपविण्याचे ओझे मात्र मुलांवर पडते. जात समुद्र ओलांडते, म्हणूनच सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. सोयीसाठी कोणी नाव खुशाल बदलावे. त्याला औषध म्हणू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी नवी ओळख उघडपणे स्वीकारली. बावीस प्रतिज्ञांचा अर्थ मुलांना समजावून द्यावा. विचारणाऱ्यासमोर ती मान खाली घालणार नाहीत.

जय भीम!