बंदीचे दोन महिने की तीन वर्षं?

‘एमबीए करणार आणि मग गेम बनवायची स्वतःची कंपनी काढणार,’ असं मुलानं किंवा मुलीनं घरात जाहीर केलं, की आईच्या पोटात गोळा येतो. आमच्या धाकटी डहाणूत, बायकांच्या बैठकीतही हल्ली असे विषय निघतात. पहिला प्रश्न ठरलेला, ‘ताई, गेम म्हणजे जुगारच ना? तो तर सरकारनं बंद केला!’

मैत्रिणींनो, आधी हा गोंधळ सोडवू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. गोष्ट सांगणारे, कोडी घालणारे खेळ त्यात येत नाहीत. ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्यानं मान्यता दिली आहे. तेव्हा मुलाला विचारायचं ते एवढंच, की तुझ्या खेळात खेळणारा पैसे लावणार का?

खरी काळजी वेगळीच आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चं उदाहरण घ्या. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा ‘राजी’ हा खेळ त्यांनी बनवला. संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार आहे. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. खेळ बाजारात आला ऑगस्ट २०२० मध्ये. त्याच वर्षी जगातल्या मोठ्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. कौतुक झालंच, पण मधली जवळजवळ तीन वर्षं मोजा!

पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा घर कसं चालवायचं हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. सुकी मासळी, साठवलेले चार पैसे, थोडी उसनवारी. गेमच्या धंद्यात हीच बंदी तीन वर्षांची असते, आणि शेवटी जाळ्यात काय येईल याची खात्री नाही.

आता त्यात कर्ज मिळवा. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या पुढे आहे. समजा २० लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये. हा हप्ता डोक्यावर घेऊन कोण तीन वर्षं बिनपगारी बसेल? म्हणजे ज्या पदवीनं कंपनी काढायचं बळ द्यायचं, तिचं कर्जच मुलाला नोकरीला बांधून ठेवतं.

म्हणून एमबीए वाईट का? मुळीच नाही. हिशेब, करार, विक्री, माणसं सांभाळणं हे सगळं लागतंच. पण खेळ कसा बनतो ते तिथं कळत नाही. आपल्याकडे कुणी एकदम नाखवा होत नाही. आधी खलाशी, मग तांडेल. तसंच इथं. गोडो, ब्लेंडर ही साधनं फुकट आहेत. गुगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, स्टीमवर प्रत्येक खेळामागे १०० डॉलर लागतात. कॉलेजात असतानाच मित्रमैत्रिणींनी मिळून एक छोटा खेळ पुरा करावा आणि अनोळखी माणसांना खेळायला द्यावा. मग पुण्या-मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत दोन-तीन वर्षं पगारावर काम करावं. एमबीए त्यानंतर, तेही सरकारी संस्थेत कमी फीत मिळालं तर उत्तम. कंपनी काढताना किमान दीड-दोन वर्षांचा घरखर्च बाजूला हवा, आणि सोबत चित्रं काढणारं, प्रोग्रॅम लिहिणारं कुणीतरी हवंच.

एक गोष्ट मात्र बायकांनीच बघायची. मुलाच्या स्वप्नासाठी घर गहाण पडतं, आईच्या बांगड्या मोडतात, आणि त्याच घरातल्या मुलीला ‘तू डीएड कर’ म्हणून सांगितलं जातं. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पुढची तीन वर्षं घर कोण चालवणार ते वहीत लिहून काढा, आणि वही मुलासमोर ठेवा. मुलीनं हेच स्वप्न सांगितलं, तर तिलाही तीच वही दाखवा.