गाडी वाचवा, कारागीरही

मे महिना सरत आला की गॅरेजांत एक काम हमखास वाढते. ते म्हणजे पावसाळ्यापूर्वी गाडीच्या खालच्या बाजूला काळे ऑईल मारून घेण्याचे. इंजिनातून काढलेले जळके ऑईल, ते पातळ करायला थोडे डिझेल आणि हवेच्या दाबाने फवारणारी गन एवढ्यावर अर्ध्या तासात काम उरकते. उघड्या लोखंडावर तेलाचा थर बसतो आणि मालक निर्धास्त होतो. गाडीखाली उभा राहून फवारणी करणारा मुलगा मात्र त्याच तेलाने माखलेला असतो. त्याच्या तोंडावर फार तर एक रुमाल असतो. गंज टाळण्याची ही रीत स्वस्त पडते, कारण तिची खरी किंमत बिलात लिहिलेली नसते.

गंज रोखायला हवा, याबद्दल दुमत नाही. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र मिळाले की ते गंजते, आणि जोडीला मीठ असेल तर कितीतरी वेगाने गंजते. म्हणून रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईत समुद्राकाठी उभी राहणारी गाडी लवकर सडते. अ‍ॅल्युमिनियमवरही ऑक्साइड तयार होते, पण त्याचा थर घट्ट असतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पाण्याला आणखी आत वाट मिळते. गंजून पातळ झालेली ब्रेकची नळी ऐन वेळी फुटली तर ब्रेक नीट लागत नाही. एक्झॉस्टच्या नळीला भोक पडले तर कार्बन मोनॉक्साइड बंद काचांच्या गाडीत शिरू शकतो. तेव्हा गंज हा गाडीच्या रूपाचा नव्हे, प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आक्षेप आहे तो उपायाला. इंजिनात वापरले जाताना ऑईलमध्ये धातूंचे कण, आम्ले आणि काजळीत आढळणारी कर्करोगकारक हायड्रोकार्बन संयुगे साठत जातात. कातडी आणि काजळी यांचे हे नाते वैद्यकशास्त्राला नवे नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोषाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. पुढे इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांत ज्यांचे कपडे यंत्राच्या तेलाने भिजत, त्या कामगारांतही हाच रोग दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया न केलेली किंवा जुजबी प्रक्रिया केलेली खनिज तेले माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. वापरलेल्या इंजिन ऑईलने उंदरांच्या कातडीवर कर्करोग झाल्याचे प्रयोगांतही आढळले आहे. एकदा हात माखल्याने कोणाला कर्करोग होत नाही. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी कामाला लागून तीस-चाळीस वर्षे रोज तेल अंगावर घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याआधीच हातांवर आणि मांड्यांवर पुटकुळ्या, इसब आणि भेगा दिसू लागतात. हात पेट्रोलने धुतले की कातडीचे उरलेसुरले संरक्षणही जाते. फवारणीचे तुषार फुप्फुसात जातात ते वेगळेच.

एवढे करून लोखंडाचे तरी भले होते का? जळक्या तेलातले आम्लच धातूला खाते. या तेलाने रबरी बुश आणि सील फुगतात. धूळ चिकटून चिखलाचा ओला थर धरून राहतो. उरलेले तेल पहिल्या पावसांत रस्त्यावर ठिबकते, दुचाकीस्वार घसरतात आणि शेवटी ते नाल्यात जाते. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे.

गंज काढण्याच्या कामातही धोके आहेत. ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात उडाली तर लोखंडाचा कण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुततो आणि काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होते. डोळ्यातसुद्धा लोखंड गंजते! शेजाऱ्याने रुमालाच्या टोकाने किंवा काडीपेटीच्या काडीने तो कण काढू पाहिला की जखम वाढते आणि जंतू शिरतात. हा कण नेत्रतज्ज्ञानेच काढायचा असतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करणाऱ्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरतो. पावसाळ्यात असा ताप मलेरियाचा समजला जातो. तपासणी जरूर करावी, पण रुग्णाने आपले काम आणि डॉक्टरने ‘आज काय वेल्डिंग केले?’ हा प्रश्न विसरू नये. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते. त्याची भाजणूक सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण ते आत शिरून रक्तातले कॅल्शियम ओढून घेते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. असे द्रावण अंगावर पडले तर भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात, त्यामुळे चकचकीत पत्र्याने झालेली जखमही मातीने माखली तर तितकीच धोक्याची. दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा एक डोस घेणे प्रत्येक कारागिराच्या हिताचे आहे.

मग उघडे लोखंड राखायचे कसे? आधी चिखल आणि मीठ साध्या पाण्याने धुऊन काढावे आणि भाग पूर्ण कोरडा करावा. सुटा गंज वायर ब्रशने काढून उरलेल्या पातळ थरावर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज-परिवर्तक द्रावण लावावे. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. दिल्लीच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. वाहनांच्या कारखान्यांत रंगाआधी पत्र्याला फॉस्फेटचा थर देतात, तोही या रसायनाचाच नातलग. त्यावर प्रायमर द्यावा. मग रंग. पोकळ भागांत मेणयुक्त कोटिंग, चेनला योग्य वंगण आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली पुरेशी असते. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके उघडी ठेवावीत. ब्रेकच्या डिस्कला मात्र तेल किंवा ग्रीस कधीच लावू नये. तिच्यावर रात्रीतून आलेला हलका गंज दोन-चार वेळा ब्रेक लावला की जातो.

हे करायला थोडे जास्त पैसे लागतात, पण एका चांगल्या कोटिंगचा खर्च दरवर्षीच्या काळ्या ऑईलपेक्षा आणि चार वर्षांनी करायच्या पत्राकामापेक्षा जड नाही. त्या खर्चात नायट्राईलचे हातमोजे, बंदिस्त चष्मा आणि तेलाचे तुषार अडवणारा मास्क यांचा समावेश असलाच पाहिजे.

दोन-चार माणसांची गॅरेजे कारखान्यांसाठीच्या सुरक्षा नियमांच्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत सहसा येत नाहीत. तिथला मुलगा उस्तादाच्या हाताखाली शिकतो आणि उस्ताद करतो तसेच करतो. म्हणून नगरपालिकांनी गॅरेजचे वापरलेले तेल गोळा करण्याची सोय करावी. परवाना देताना तेल कुठे जाते, ते विचारावे. आरोग्य विभागाने वर्षातून एकदा गॅरेजवस्तीत कातडी, डोळे आणि श्वसनाची तपासणी करून जागेवरच लस द्यावी. यासाठी नवी रुग्णालये लागत नाहीत.

वाहनमालकाच्या हातात तर आजच काहीतरी आहे. यंदा पावसाळ्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये नेली की काळे ऑईल मारू नका म्हणून सांगावे, आणि काम करणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का ते पाहावे. नसतील तर त्याचे पैसे आपल्या बिलात धरायला सांगावे.