गाणाऱ्या गळ्याचा हक्क

बालमित्रांनो, समजा, ताडकळसच्या शाळेत स्नेहसंमेलनात तुम्ही गाणं म्हटलंत आणि कुणी ते न विचारता रेकॉर्ड करून विकलं, तर? राग येईल ना!

१९६०च्या दशकात लता मंगेशकरांनी आग्रह धरला, की विक्रीतला वाटा, म्हणजे रॉयल्टी, गायकांनाही मिळावी. मोहम्मद रफींना ते पटलं नाही. दोघांनी काही वर्षं सोबत गायचंच सोडलं!

आपल्या कायद्यानं गायक-वादकांचा हक्क मानला तो १९९४ साली, २५ वर्षांसाठी. १९९९च्या दुरुस्तीनं मुदत ५० वर्षं झाली. ध्वनिमुद्रण काढणाऱ्या निर्मात्याला मात्र ६० वर्षं! म्हणजे विसाव्या वर्षी गायलेल्या गाण्यावरचा गायकाचा हक्क त्याच्या सत्तरीतच संपतो. हे बरोबर आहे का? घरी आईबाबांशी बोला. आणि कुणाचं गाणं मोबाईलवर घ्यायचं असेल, तर आधी त्याला विचारा बरं का!